हळदीचा दांडा आणि देवमाशाची काडी

घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथात दंडधौती या शुद्धिक्रियेसाठी तीन दांडे सांगितले आहेत: केळीचा, हळदीचा, वेताचा. दांडा घशातून आत सारायचा, हळूच ओढून काढायचा. कफ-पित्त बाहेर पडतं. हळदीचा दांडा! ज्या सांगलीने हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली, तिथल्या माणसाला हे वाचून पुढे जाववत नाही. इथे कुणी दारुहळद सुचवेल. मला पटत नाही; ते काटेरी, टणक झुडूप. केळीच्या पंगतीला शोभेल तो आपल्याच हळदीचा पाल्याखालचा रसरशीत दांडा.

ग्रंथ साधारण सतराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच शतकात, १६७४ साली, थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने घास न उतरणाऱ्या एका माणसाची हकीकत छापली. त्याला त्याने देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची काडी करून दिली, टोकाला स्पंज. जेवला की काडीने अडलेलं अन्न खाली ढकलायचं. तपभराहून जास्त काळ तो गडी तिच्यावर जगला. या आजाराला आज अ‍ॅकॅलेशिया म्हणतात: अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी मरतात, तळाची झडप सैल पडत नाही, पाणीसुद्धा तुंबतं. वर्षाकाठी लाखात एखाद्यालाच होतो.

मग आपला दांडा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून विलायतेला गेला? मोह होतो, पण आडवा येतो वॉल्टर रम्सी, वेल्सचा न्यायाधीश. चरित्रकार जॉन ऑब्रे लिहितो, की कफाने बेजार रम्सी लडलो गावी शेकोटीपाशी खाकरत बसला होता. त्याने कोवळी डहाळी घेतली, टोकाला चिंधी बांधली आणि घशात सारून कफ ओढून काढला. पुढे तेच हत्यार देवमाशाच्या पट्टीचं केलं, १६५७ साली त्यावर पुस्तकही काढलं. काम हुबेहूब दंडधौतीचं! विलिसची काडी याच घराण्यातली, असं मी खुशाल म्हणतो. त्याने फक्त दिशा उलटवली: काढायच्या काडीने ढकललं.

पुढे झडप ताणणारे फुगे आले. १९१३ साली लाइपझिगमध्ये हेलर या सर्जनने झडपेचा स्नायू बाहेरून चिरला. २००८ साली योकोहामात इनोऊने तोच तोंडावाटे, दुर्बिणीतून.

दंडधौती आज रबरी नळीने करतात. घास अडकणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. फुगलेल्या नळीला इजा व्हायची. पित्ताच्या गोळ्यांवर वर्षं न घालवता मिरजेत वा कराडात दुर्बीण घालून घ्यावी, बेरियमचा एक्स-रे काढावा, नळीतला दाब कुठे मोजतात ते विचारावं. तोवर सावकाश चावून खावं, वर पाणी प्यावं, जेवल्याजेवल्या आडवं होऊ नये आणि रात्री उशाकडची बाजू उंच ठेवावी, नाहीतर तुंबलेलं झोपेत श्वासनलिकेत उतरतं.