दिनविशेष १९ डिसेंबर : साहेबाला कोंडून ठेवणाऱ्या तिघी

१९८० साली आजच्या दिवशी अमेरिकेत ‘नाईन टू फाईव्ह’ हा विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कॉलिन हिगिन्स. जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि पहिल्यांदाच पडद्यावर आलेली गायिका डॉली पार्टन या तिघी एकाच कचेरीतल्या कर्मचारी. साहेब बाईच्या कल्पना स्वतःच्या नावावर खपवतो, बढती पुरुषाला देतो, सेक्रेटरीच्या मागे लागतो. एकदा चुकून त्याच्या कॉफीत साखरेऐवजी उंदराचं औषध पडतं आणि गोंधळ वाढत वाढत या तिघी साहेबाला त्याच्याच घरात डांबतात.

खरी गंमत त्यापुढे आहे. साहेबाच्या खोट्या सहीने त्या कचेरीत समान पगार, सोयीच्या वेळा आणि पाळणाघर सुरू करतात, आणि काम वाढतं! या कथेमागे बोस्टनमध्ये १९७३ साली उभी राहिलेली कचेरीतल्या स्त्रियांची संघटना होती. फोंडाला विषय तिथूनच मिळाला.

आपल्याकडे सुभाष घईंच्या मुक्ता आर्ट्सने २०१० साली याच कथेवर ‘हॅलो डार्लिंग’ काढला. त्यात दंगा पुष्कळ होता, पण मूळची धार हरवली.

चित्रपटातल्या त्या सुधारणांपैकी समान वेतनाचा कायदा भारतात १९७६ सालीच झाला होता. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती मात्र २०१७ साली आली. नांदेड-लातूरच्या बँकांत, दवाखान्यांत, खासगी क्लासेसमध्ये राबणाऱ्या बायकांनी हे दोन्ही हक्क जरूर मागावेत.