काळे डग्लस, तांबडे डग्लस : एक आडनाव, दोन घराणी

मध्ययुगीन स्कॉटलंडचा इतिहास वाचू लागलेला वाचक एका आडनावापाशी हमखास अडखळतो : डग्लस. राजाचा जिवलग सेनानी डग्लस, राजाने स्वहस्ते भोसकलेला डग्लस, आणि अखेरीस त्या घराण्याची जहागीर ज्याच्या पदरी पडली तोही डग्लसच! त्यातून विल्यम आणि जेम्स ही नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. हा गुंता सोडवण्यासाठी आजचा धागा. 🧵

आरंभ सर जेम्स डग्लसपासून. रॉबर्ट ब्रूसच्या स्वातंत्र्ययुद्धातील हा योद्धा इंग्रजांना ‘काळा डग्लस’ म्हणून परिचित होता. ब्रूसच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय सोबत घेऊन तो धर्मयुद्धास निघाला आणि १३३० मध्ये स्पेनमधील तेबा येथे पडला. डग्लसांच्या ढालीवर तांबडे हृदय दिसते, त्यामागे हाच प्रसंग.

जेम्सचा पुतण्या विल्यम १३५८ मध्ये डग्लसचा पहिला अर्ल झाला. विल्यमचा औरस पुत्र १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या रणात मारला गेला, मागे औरस संतती न ठेवता. आता वारस कोण?

पुढे आले दोन अनौरस पुत्र. सर जेम्सचा मुलगा आर्चिबाल्ड याने अर्लपद मिळवले. त्याचे वंशज ते ‘काळे’ डग्लस. पहिल्या अर्लचा मुलगा जॉर्ज याला आईकडून अँगसची अर्लकी लाभली. त्याचे वंशज ‘तांबडे’. कुलाभिमानाच्या एवढ्या गर्जना करणाऱ्या दोन्ही शाखांचा उगम असा, हे मोठे गमतीचे आहे.

काळ्यांचे बळ इतके वाढले की दरबाराला ते डोईजड वाटू लागले. नोव्हेंबर १४४० मध्ये सहावा अर्ल, वयाने किशोरच, आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड यांना एडिनबराच्या किल्ल्यात मेजवानीस बोलावून ठार करण्यात आले. राजा दुसरा जेम्स तेव्हा अवघा दहा वर्षांचा. पानात काळ्या बैलाचे मुंडके वाढल्याची कथा सुप्रसिद्ध आहे, पण ती उत्तरकालीन लेखकांची भर. मला त्याहून बोलकी वाटते ती ही गोष्ट : अर्लपद गेले मुलांच्या चुलत आजोबांकडे, आणि या सद्गृहस्थांनी सूडासाठी बोटही उचलले नाही. भाऊबंदकीला रंगभेद लागत नाही!

याच आजोबांचा मुलगा विल्यम, आठवा अर्ल. त्याने क्रॉफर्ड व रॉस येथील अर्लांशी परस्पर करार केला होता. फेब्रुवारी १४५२ मध्ये राजाने त्याला अभयपत्र देऊन स्टर्लिंगला बोलावले आणि करार मोडण्यास सांगितले. विल्यमने नकार देताच एकवीस वर्षांच्या राजाने स्वतः सुरा चालवला. दरबाऱ्यांनी उरलेले काम केले. देहावर २६ जखमा मोजल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात डग्लसांनी ते अभयपत्र घोड्याच्या शेपटीला बांधून स्टर्लिंगमधून फरफटत नेले आणि नगर पेटवले. जूनमध्ये संसदेने राजाला निर्दोष ठरवले.

या झगड्यात तांबडे डग्लस राजाच्या बाजूस उभे राहिले. मे १४५५ मध्ये आर्किनहोमला काळ्यांचा निर्णायक पराभव झाला. नवव्या अर्लचा एक भाऊ रणात पडला, दुसऱ्याला पकडून देहदंड दिला गेला. स्वतः अर्ल इंग्लंडच्या आश्रयास गेला. डग्लसची मूळ जहागीर १४५७ मध्ये अँगसच्या अर्लला मिळाली. ‘तांबड्याने काळ्याला लोळवले’ असे लोक म्हणू लागले.

नववा अर्ल १४८४ मध्ये फौजेसह परतला, लॉकमेबनला पकडला गेला आणि उरलेले आयुष्य त्याने लिंडोर्सच्या मठात काढले.