यहूदाचा दोष कोणाच्या माथी?

गुड फ्रायडेची सुट्टी संपून शाळा भरली होती. आठवीच्या वर्गात मी त्या सुट्टीमागची हकिकत सांगत होतो. येशूचा एक शिष्य यहूदा इस्कर्योत याने चांदीच्या तीस नाण्यांसाठी आपल्या गुरूला शत्रूच्या हवाली केले, अशी ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पैलेसेच लिखा हुआ था, तो उसका क्या कसूर?"

मी क्षणभर गप्प झालो. मुलाने दोन हजार वर्षांचा प्रश्न सहज विचारून टाकला होता.

मराठीत ही कथा विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त. हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आदमच्या पतनापासून तारणाऱ्याची वाट पाहणे आहे, तर दुसऱ्या भागात येशूचे चरित्र. म्हणजे आधी वचन, मग त्याची पूर्तता. आणि नेमका इथेच पेच पडतो. येशूच्या मरणाने जगाचे तारण व्हायचे होते, तर त्याला पकडून देणारा गुन्हेगार कसा?

शुभवर्तमानात दोन्ही गोष्टी एका दमात येतात. शास्त्रात लिहिल्याप्रमाणे होणारच, असे येशू सांगतो. आणि पकडून देणाऱ्याची फार वाईट गत होईल, असेही त्याच वेळी सांगतो. या दोन वाक्यांची सांगड घालताना ख्रिस्ती विद्वानांनी शतके घालवली. तिसऱ्या शतकातील ओरिजेनचे म्हणणे असे, की देवाला आधी ठाऊक असणे हे कृत्याचे कारण नव्हे. १५२४ साली इरॅस्मसने माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने तिला उत्तर दिले. देवाला ठाऊक असलेले घडणे अटळ होते, पण यहूदावर कोणी जबरदस्ती केली नाही, त्याने ते राजीखुशीने केले, असे ल्यूथर म्हणतो. २००६ साली 'यहूदाचे शुभवर्तमान' ही प्राचीन कॉप्टिक पोथी प्रसिद्ध झाली. तिच्यात तर यहूदा हाच गुरूचे मन जाणणारा शिष्य आहे. चर्चने मात्र हा ग्रंथ दुसऱ्या शतकातच नाकारला होता.

कुरआनप्रमाणे हजरत ईसा यांना सुळावर दिलेच गेले नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. त्यामुळे यहूदाचा खटला आपल्या श्रद्धेचा भाग नाही. परंतु तकदीरचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. माणूस मजबूर आहे असे जबरिया म्हणत, तो मुखत्यार आहे असे कदरिया म्हणत. अशअरींनी 'कस्ब'चा मधला मार्ग काढला. कृत्य अल्लाह निर्माण करतो, पण माणूस ते कमावतो. आणि अल्लाहची इच्छा असती तर आम्ही शिर्क केलाच नसता, अशी सबब सांगणाऱ्यांना सूरह अनआममध्ये फटकारले आहे. पंचांगात ग्रहण आधी छापलेले असते, म्हणून पंचांगकर्ता सूर्य झाकत नाही.

गुरूशी बेइमानी एकट्या यहूदाने केली नव्हती. पेत्राने त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा सांगितले, की मी या माणसाला ओळखत नाही. दोघांनाही पश्चात्ताप झाला. मत्तयाच्या वृत्तान्तात यहूदा नाणी मंदिरात फेकून देतो आणि गळफास घेतो. पेत्र रडतो आणि परत येतो. पुढे याच पेत्रावर एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याने मराठीत ओवीबद्ध पुराण रचले. १६२९ पासून ते गोव्यात छापले गेले. फरक होता तो तौबाच्या दारापर्यंत जाण्याचा.

पण खरा अन्याय पुढे झाला. एका माणसाचा दोष साऱ्या यहुदी कौमेच्या माथी मारला गेला. युरोपात त्यांच्या द्वेषाची कारणे अनेक होती, त्यांत येशूच्या मृत्यूचा ठपका हे एक जुने कारण. तो द्वेष जहाजातून गोव्यालाही आला. १५६० साली तेथे इन्क्विझिशन सुरू झाले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा आणि १५६३ साली भारतीय औषधींवर ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशाचा ख्रिस्ती हकीम. तो वारल्यानंतर, १५६९ साली, त्याच्या बहिणीला जिवंत जाळले. १५८० साली, म्हणजे स्टीफन्स गोव्यात आल्याच्या पुढच्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून ओर्ताची हाडे कबरीतून उकरून जाळली. त्या हाडांचा यहूदाच्या नाण्यांशी काय संबंध होता?

इकडे कोकणातले बेने इस्रायली तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले, पण यहूदाचा जाब त्यांना विचारला नाही. कॅथलिक चर्चला हे जाहीरपणे सांगायला २८ ऑक्टोबर १९६५ उजाडावा लागला. येशूच्या यातनांचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे व्हॅटिकन परिषदेने त्या दिवशी घोषित केले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उत्तर दिले. कसूर करणाऱ्याचा. तो वर खुदावर ढकलायचा नाही आणि खाली त्याच्या कौमेवरही नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनात आपण वाचतोच. मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "सर, ये बात सबकू बोलना चाहिए."

म्हणून हे लिहिले.