‘आदर्श’ची साक्ष

कोपरीत माजी सैनिकांच्या घरांचा विषय निघाला, की कुलाब्याची एकतीस मजली ‘आदर्श’ येतेच. ‘कारगिलच्या विधवांची जागा’ हेही मी हमखास ऐकतो. जानेवारी २०११ मध्ये नेमलेल्या न्या. जे. ए. पाटील आयोगाचा निष्कर्ष वेगळा होता: जमीन राज्य सरकारची, कारगिलसाठी राखीव नव्हतीच.

१९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचे चौथे कलम आयोगाला दिवाणी न्यायालयासारखा समन्सचा अधिकार देते. जून २०१२ मध्ये सुशीलकुमार शिंदे, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण या तिघा माजी मुख्यमंत्र्यांना साक्षीला यावे लागले. दृश्य दुर्मीळच! पण निवाड्याचा अधिकार आयोगाला नसतो. डिसेंबर २०१३ मध्ये अहवाल विधिमंडळात मांडतानाच सरकारने तो फेटाळला. टीका झाली, तेव्हा जानेवारी २०१४ मध्ये अंशतः स्वीकारला.