जगबुडी झाली तर कुठे जायचं?

माझा प्रबंध मराठी विज्ञानकथेतल्या प्रलयावर आहे. मागच्या हिवाळ्यात बोदलकसा तलावाच्या पाळीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते समजावत होते: पृथ्वी राहण्यालायक उरत नाही, मग थोडी माणसं यानात बसून दुसऱ्या ग्रहावर वस्ती करतात, अशा कादंबऱ्या असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तेथं पानी कोठून आनतेत?"

अशा कादंबऱ्यांचा अर्धा जीव याच प्रश्नात असतो. ज्यूल व्हर्नच्या 'हेक्टर सर्वादाक'मध्ये (१८७७) धूमकेतू पृथ्वीला घासून जातो, ३६ माणसं त्याच्यावर अडकतात आणि थंडी वाढली तशी लाव्ह्याच्या उबेला गुहेत राहायला जातात. मराठीत मात्र अशी वस्ती शोधताना माझी दमछाक झाली. आपल्याकडे प्रलय येतो, पण माणसं सहसा पृथ्वी सोडत नाहीत. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' घ्या. मुंबईत बर्फ पडतो, हिमयुग दारात येतं. पण वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ पळून जायला यान बांधत नाही. रॉकेटांतून धातूचे कण वर सोडून पृथ्वीच पुन्हा उबदार करायच्या मागे लागतो.

याचं कारण मी आधी एका वाक्यात उरकलं होतं: लेखकच शास्त्रज्ञ, त्यामुळे डागडुजीवर विश्वास. आता ते अपुरं वाटतं.

व्हर्नच्या चंद्रसफरीचा अनुवाद 'केरळकोकिळ' मासिकात १९०० साली आला. म्हणजे ऐन छप्पन्नच्या दुष्काळात! मध्य प्रांतासाठी तर १८९६-९७ नंतरचा हा दुसरा घाव. मग सिंचन आयोग (१९०१-०३) बसला, आणि पुढच्या काळात सरकारी तलावांची कामं निघाली. बोदलकसा त्यांतलाच, १९१७चा.

पण या मुलखात तलाव बांधणं ही काही इंग्रजांची अक्कल नव्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथलं जंगल साफ करून तलाव खोदले, त्याबदल्यात त्यांना जमिनी मिळाल्या. नवेगावबांध त्यांचाच. त्यांचे पूर्वज काशीकडून आले असं सांगतात. अनोळखी मुलूख, सोबत मोजकी माणसं, आणि वस्तीची पहिली अट पाणी. आता सांगा, अवकाशवस्तीची कथा याहून वेगळी काय असते?

नारळीकरांच्या डोक्यात हे तलाव होते, असा माझा दावा मुळीच नाही. (ते वाढले काशीत, हा निव्वळ योगायोग.) पण 'हिमप्रलय' वाचणाऱ्यांच्या घरात दुष्काळाच्या आठवणी होत्या, आणि दुष्काळात माणसं पाण्यामागे जातात, नाहीतर पाणी अडवतात. तिसरी वाट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. हे प्रकरण मी तिथूनच पुन्हा लिहायला घेतलंय.

मसुद्यात त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाखाली मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली आहे. शेजारी लिहिलंय: संदर्भ?