नवा कर्नल टाकला आणि सर्व्हरच्या डिस्कच गायब? घाबरण्याआधी हे समजून घ्या

लिनक्स सर्व्हरवर कर्नल नव्याने बिल्ड केला, रीबूट केलं आणि स्क्रीनवर रूट फाइल सिस्टिम माउंट होत नसल्याचा एरर आला. एकही डिस्क दिसत नाही. स्टोरेज कंट्रोलर गेला, असंच कुणालाही वाटेल. पण कालपर्यंत नीट चालणारं कार्ड नेमकं कर्नल बदलल्यावर बंद पडलं असेल, तर बहुतेक वेळा दोष कार्डचा नसतो.

नेमकं काय होतं?

सर्व्हरमधल्या डिस्क स्टोरेज कंट्रोलर नावाच्या कार्डला जोडलेल्या असतात. अनेक डिस्क एकत्र करून रेड अ‍ॅरे तयार करण्याचं कामही बरेचदा हेच कार्ड करतं. कार्डशी बोलण्यासाठी कर्नलला ड्रायव्हर लागतो. उदाहरणार्थ, मेगारेड कार्डसाठी ‘मेगारेड-सॅस’.

हा ड्रायव्हर एकतर कर्नलमध्येच असतो, नाहीतर मॉड्यूल म्हणून वेगळा. तो वेगळा असेल, तर बूट होताना सुरुवातीलाच मेमरीत येणाऱ्या ‘इनिटरॅमएफएस’ या छोट्या फाइलमध्ये त्याची प्रत लागते. ती नसेल, तर ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्क उघडायला ड्रायव्हर हवा, असा पेच होतो. चावी घरात विसरून लॅचचं दार ओढून घ्यावं, तसं!

मग करायचं काय?

1. रीबूट करून ग्रब मेन्यूतून जुना कर्नल निवडा. सर्व्हर सुरू झाला, तर कार्ड आणि डेटा जागेवर आहे असं समजायला हरकत नाही.

2. ‘एलएसपीसीआय’ कमांड ‘के’ पर्यायासह चालवा. कार्ड कोणता ड्रायव्हर वापरतंय, ते कळेल.

3. नव्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये तो ड्रायव्हर ‘वाय’ किंवा ‘एम’ आहे का, ते पाहा. बंद असेल तर चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड करा.

4. मॉड्यूल इन्स्टॉल करून नव्या कर्नलसाठी इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा. डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, तर रेड हॅट-फेडोरावर ‘ड्रॅकट’ वापरतात.

ड्रायव्हरच बदलला असेल तर?

असंही होतं. एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांचा जुना ‘सीसीआयएसएस’ ड्रायव्हर 2017 मध्ये लिनक्स कर्नलमधून काढला गेला आणि त्याची जागा ‘एचपीएसए’ने घेतली. त्यासोबत डिस्कची नावंही बदलली. त्यामुळे बूट सेटिंग आणि ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी वापरणं सुरक्षित. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 मधूनही काही जुन्या कंट्रोलरचे ड्रायव्हर वगळले गेले. म्हणून अपग्रेडआधी आपलं कार्ड यादीत आहे का, ते तपासायला हवं.

ही चूक मात्र करू नका

घाईघाईत कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा अ‍ॅरे बनवणं किंवा ‘इनिशिअलाइज’ करणं टाळा. फक्त ड्रायव्हर नसल्यामुळे न दिसणारा डेटा त्या एका क्लिकने खरोखरच पुसला जाऊ शकतो.

जुन्या कर्नलवरही डिस्क दिसल्या नाहीत, तर मात्र केबल, कार्ड आणि डिस्क तपासण्याची वेळ आली. आणि नवा कर्नल पुढचे काही रीबूट नीट चालल्याशिवाय जुना काढून टाकू नका. अडचणीत परतीची वाट तोच असतो.