वाटसरू वाघाची बखर

मेहकर तालुक्यांतील डोणगांवाहून एखादा वारकरी पायीं पंढरपुरास गेला, तर परत आल्यावर तो आपल्या मुक्कामांची हकिगत स्वमुखानें सांगतो. परंतु अरण्यांतील मुक्या प्राण्यानें दूरचा पल्ला गांठला, तर त्याची बखर कोणीं लिहावी? आपल्या बुलढाणा जिल्ह्याशीं निगडित अशी एक बखर लिहिली गेली आहे, आणि तिचें शेवटचें पान छायाचित्रानें लिहिलें आहे.

पैनगंगा आपल्या जिल्ह्यांत उगम पावते व मेहकरावरून वाहत यवतमाळकडे जाते. तिच्या खालच्या अंगास टिपेश्वर अभयारण्य आहे. तेथें जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत, वनखातें व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनीं फेब्रुवारी २०१९ मध्यें रेडिओ-पट्टा बांधला. जून महिन्यांत तो स्वतःचें राज्य शोधावयास बाहेर पडला. उपग्रहाच्या द्वारें तासातासाला त्याचें ठिकाण कळे. महाराष्ट्र व तेलंगण मिळून सात जिल्हे ओलांडून डिसेंबरांत तो २०५ चौरस किलोमीटरांच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत आला. एप्रिल २०२० मध्यें पट्टा काढण्यांत आला, तोंपर्यंत सुमारें ३,००० किलोमीटरांची चाल नोंदली गेली होती.

पट्टा निघाला आणि उपग्रहाची वार्ता थांबली. येथें एक जुनी विद्या कामास आली. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं जंगलवाटेवर तार ताणून ठेवावी, वाघाचा पाय तारेस लागतांच प्रकाश चमकावा आणि वाघानें स्वतःचें चित्र स्वतःच काढावें, अशी युक्ति योजिली होती. त्या चित्रांचें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत उल्हास कारंत यांनीं नागरहोळेच्या अरण्यांत अशाच चित्रांवरून वाघांची गणती केली. तिचें मर्म सोपें आहे. माणसाच्या आंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही जुळत नाहींत, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावतात.

मार्च २०२१ मध्यें छत्रपती संभाजीनगर व जळगांव जिल्ह्यांच्या सीमेवरील गौताळा औट्रमघाट अभयारण्यांत कॅमेऱ्यानें एक वाघ टिपला. पट्टे जुन्या चित्रांशीं ताडून पाहिले, तों हाच तो टिपेश्वरचा वाटसरू! रेडिओ-पट्टा वाघ कोठें आहे हें सांगत होता. तो कोण आहे हें त्याच्या कातड्यावरील पट्ट्यांनीं सांगितलें.

या चित्राचें मोल केवळ कौतुकापुरतें नाहीं. ज्ञानगंगेंत वाघास सावज मिळालें, पण वाघीण मिळाली नाहीं. वाघीण बाहेरून आणावी कीं काय, याचाही तेव्हां विचार झाला. एका अभयारण्यापासून दुसऱ्यापर्यंत त्यानें जी वाट काढली, ती शेतें, नाले, रस्ते व गांवें यांमधून गेली. एवढ्या प्रवासांत, तो झुडपांत विसांवला असतां माणसांचा जमाव आंत शिरला, तेव्हां एकजण जखमी झाला. एरव्हीं त्यानें माणसांस टाळलें.

आपण अभयारण्याची सीमा कागदावर आंखतों व तिच्या पलीकडील भूमि केवळ आपली समजतों. नाल्याकांठची झाडी तोडतांना, रस्ता बांधतांना, पुढचा वाटसरू कोठून जाईल हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो गेल्याचें चित्र मिळण्यासाठीं आधीं त्याची वाट शिल्लक राहिली पाहिजे.